आईच्या लुगड्यांची चांदणी

प्रिय मावशी,

आई जाऊन दीड वर्ष झालं. तिची चार लुगडी माझ्या ट्रंकेत आहेत. एक गर्द हिरवं इरकल, एक जांभळं, एक डाळिंबी आणि एक हळदी रंगाचं. सोबत दादांचं पांढरं धोतर. माझी लेक जूनमध्ये शिकायला लातूरला होस्टेलवर जाईल. तिच्यासाठी या लुगड्यांची वाकळ करायचीय, मधोमध आठ टोकांची मोठी चांदणी असलेली. माझं एमएस-सीआयटी झालंय, घरात जुना लॅपटॉप आहे. पण सासूबाई म्हणतात, "वाकळ काय टीव्हीत बघून शिवतेत का?" मी चिंध्यांची एक छोटी चांदणी करून बघितली. सात-सात इंचांच्या आठ शंकरपाळ्या, कोन कंपासपेटीतल्या कोनमापकानं आखले. ती मधोमध टोपीसारखी उठली. इस्त्री केली तरी बसेना. आता आईच्या लुगड्यांना कात्री लावायला हात धजत नाही. आधी कॉम्प्युटरवर आखून घेऊ का? सॉफ्टवेअर विकतचं घेऊ की फुकटचं? आणि कापड पुरेल का?

– तुझी एक वाचक, जिल्हा परभणी

माय,

आधी कापडाचं सांगते, कारण तुझा जीव तिथं अडकलाय. चारही लुगडी मिळून साडेतीन हात कापड जाईल. एका लुगड्याचं जास्तीत जास्त सव्वा हात. नऊवारी म्हणजे अठरा हात, त्यातलं सव्वा. बाकीचं सगळं अखंड राहील. हा आकडा मी डोळ्यांच्या अंदाजानं सांगत नाही, पडद्यावर चांदणी आखून, पट्ट्या मोजून सांगतेय. म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर आहे: हो, आधी कॉम्प्युटरवरच आख. जे कापड पुन्हा मिळणार नाही, त्याला अंदाजानं कात्री लावायची नसते.

सासूबाईंचंही खोटं नाही. आपली रोजची वाकळ, चौकोनी ठिगळांची, तिला कागदसुद्धा लागत नाही. हाताला येईल ते ठिगळ, शेजारी शोभेल तो रंग, कमी पडलं तिथं दुसरा तुकडा. सासूबाईंची पिढी हे बोलता बोलता करते. पण चौकोनी ठिगळ सुतभर वाकडं गेलं तरी पुढच्या ठिगळात ते सांभाळून घेता येतं. चांदणीत तसं होत नाही. आठही टोकं एकाच बिंदूवर येऊन टेकतात, तिथं सांभाळून घ्यायला जागाच उरत नाही.

तुझी चांदणी टोपीसारखी का उठली, ते बघ. एका बिंदूभोवतीचा पूर्ण फेरा ३६० अंशांचा. त्यात आठ शंकरपाळ्या बसवायच्या म्हणजे प्रत्येकीचं टोक ४५ अंशांचं हवं. तुझं ४४ चं झालं असेल तर आठांचे मिळून ३५२ होतात. आठ अंशांचं कापड कमी पडलं की ते सपाट बसत नाही, भेळेच्या कागदासारखं शंकू होऊन वर येतं. कोन उलट ४६ चा झाला असता तर मधला भाग बसला असता, पण बाहेरच्या कडा झालरीसारख्या लहरल्या असत्या. पुढं कधी असं झालं तर हे लक्षात ठेव: मधोमध उठलं तर कोन कमी, कडेला लहरलं तर कोन जास्त किंवा कापड ताणलेलं.

सात इंचांच्या बाजूवर एक अंश म्हणजे टोकाशी जेमतेम एक सूत, इंचाचा आठवा भाग. कोनमापकावर पेन्सिलीच्या रेघेची जाडी, तिच्यावर खडूची जाडी, तिच्यावर कात्रीचा कल. एक सूत कुठं गेलं ते कुणालाच दिसायचं नाही, चाळीस वर्षं वाकळा शिवलेल्या डोळ्यांनाही नाही. तुझ्या हाताचा यात काही दोष नाही. आणि ती चांदणी उसवत बसू नकोस, तिची उशी कर. उशीला मध्ये फुगीरपणा लागतोच.

आता सॉफ्टवेअरचं. विकत मिळणाऱ्यांत ‘इलेक्ट्रिक क्विल्ट’चं नाव जुनं आणि मोठं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या कंपनीचं ते आहे, त्याची आठवी आवृत्ती २०१७ साली आली. त्यात चांदण्यांचे नमुने तयार असतात, कापड किती लागेल ते निघतं, साचे छापता येतात. वर्षभर हेच काम करणाऱ्या बाईनं ते जरूर घ्यावं. एका वाकळेसाठी तू तेवढे पैसे घालू नयेस असं मला वाटतं. तुझं काम ‘इंकस्केप’वर होईल. ते फुकट आहे, रीतसर फुकट, चोरून उतरवलेलं नव्हे, आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. ते गोधडीसाठी बनवलेलं नाही, चित्रं काढण्यासाठी आहे. त्यामुळं त्यात चांदणी तयार मिळणार नाही, तुला रचावी लागेल. पण रचताना चांदणी कशी उभी राहते ते तुला कळेल, आणि तेच पुढं मशीनवर बसल्यावर कामाला येईल.

तुझ्या मनात जी चांदणी आहे, तिला अमेरिकेत ‘लोन स्टार’ किंवा ‘स्टार ऑफ बेथलेहेम’ म्हणतात. आठ मोठे किरण, प्रत्येक किरण लहान लहान शंकरपाळ्यांचा. तिथल्या लाकोटा या मूळ रहिवासी लोकांत अशी तारेची गोधडी पांघरून माणसाचा मान करतात. बाळ जन्मलं, कुणाचं माणूस गेलं, कुणी मोठं काम केलं की ती दिली जाते. आपल्याकडंही आठाचा आकार काही परका नाही. संभाजीनगरला बीबी का मकबऱ्यात वरून खाली डोकावलीस तर दिलरास बानू बेगमच्या कबरीभोवती संगमरवरी जाळीचा अष्टकोन दिसतो. तुझ्या चांदणीची आठ बाहेरची टोकं रेघांनी जोडलीस तर तसाच अष्टकोन होईल.

लहान शंकरपाळी शिवून झाल्यावर दोन इंच उंचीची धर, म्हणजे समोरासमोरच्या दोन बाजूंमध्ये दोन इंच. एका किरणात पाच गुणिले पाच, म्हणजे पंचवीस. आठ किरणांत दोनशे. सहा ओळींची केलीस तर २८८ होतात आणि चांदणी ५८ इंचांची होते. पहिल्या खेपेला तेवढा पसारा मांडू नकोस, पाच पुरे. पाच ओळींची चांदणी तिच्या चौकोनासकट सव्वाअठ्ठेचाळीस इंच येते. दोन्ही बाजूंना सहा-सहा इंचांचे पट्टे आणि वर-खाली अठरा-अठरा इंच धरलेस की पाच फूट बाय सात फुटांची वाकळ होते. होस्टेलच्या कॉटवर अंगाखाली-अंगावर दोन्हीकडं पुरते.

इंकस्केप उघडलंस की आधी पानाचं माप इंचांत कर, नाहीतर ते मिलिमीटरमध्ये चालतं आणि पुढं सगळी आकडेमोड फसते. मग एक आयत काढ, रुंदी २.८२८ इंच, उंची बरोबर २ इंच. हे आकडे वरच्या पट्टीत टाइप करता येतात, माउसनं अंदाजे ओढू नकोस. असे पंचवीस आयत, पाच ओळी पाच रांगा, एकमेकांना चिकटवून मांड. प्रत्येकात रंग भर. सगळे निवडून त्यांचा एक गट कर. मग ‘ट्रान्सफॉर्म’च्या खिडकीत ‘स्क्यू’ निवडून आडवा कल ४५ अंश दे. बटण दाबलंस की ती आयतांची चळत तिरपी होते आणि तुझ्यासमोर अख्खा किरण उभा राहतो, पंचवीसही शंकरपाळ्या चारी बाजूंनी सारख्या, टोक नेमकं ४५ चं. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा पट्टी पडद्याला लावून चारी बाजू मोजल्या होत्या. एका सुताचाही फरक नव्हता.

आता या किरणाची ‘क्लोन’ घे, ऑल्ट आणि डी. साधी नक्कल घेऊ नकोस, क्लोनच घे. क्लोनवर दोनदा क्लिक केलंस की मधोमध अधिकच्या खुणेसारखी बारीक खूण दिसते. ती ओढून किरणाच्या टोकदार कोपऱ्यावर ठेव, कारण फिरणं त्या खुणेभोवती होतं. मग ४५ अंश फिरव. अशा सात क्लोन, दर वेळी खूण त्याच टोकावर आहे ना ते बघून. आठवा किरण पहिल्याला येऊन बिनचूक भिडला म्हणजे चांदणी झाली. क्लोन कशासाठी, तर मूळ किरणातल्या एका शंकरपाळीचा रंग बदललास की बाकी सातही किरणांत तो आपोआप बदलतो. दोनशे ठिकाणी रंग भरत बसायचं नाही, पंचवीस ठिकाणी भरायचा. मध्ये मध्ये फाइल सेव्ह करत जा, आपल्याकडं लाइट सांगून जात नाही आणि जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीचा भरवसा धरू नये.

रंगांवर मात्र सावकाश बस. माझ्या मते कॉम्प्युटरचा खरा उपयोग इथं आहे. चांदणीत रंग मधल्या टोकापासून बाहेर फेऱ्या-फेऱ्यांनी जातो. पाच ओळींच्या चांदणीत नऊ फेरे. पहिल्या फेऱ्यात आठ शंकरपाळ्या, मग सोळा, चोवीस, बत्तीस, पाचव्यात चाळीस, आणि तिथून परत बत्तीस, चोवीस, सोळा, आठ. पाचवा फेरा सगळ्यात भरगच्च, डोळा आधी तिथं जातो. तिथं कोणता रंग बसवतेस त्यावर सगळी चांदणी ठरते.

लुगड्यांचे रंग पडद्यावरच्या रंगपेटीतून निवडू नकोस. चारही लुगडी सकाळच्या उजेडात ओसरीवर ठेव, उन्हात नको, सावलीत, आणि मोबाइलनं फ्लॅश न लावता फोटो काढ. तो फोटो इंकस्केपमध्ये घेऊन रंग उचलायच्या ड्रॉपरनं त्यातूनच रंग घे. मग आणखी एक कर. तोच फोटो मोबाइलमध्ये काळा-पांढरा करून बघ. तुझं गर्द हिरवं इरकल आणि जांभळं, दोन्ही जवळपास एकाच राखाडीची दिसतील, माझी जवळजवळ खात्री आहे. दिवसा ते दोन रंग निराळे दिसतात, पण रात्री होस्टेलच्या ट्यूबलाइटमध्ये, चार हातांवरून, ते एकमेकांत मिसळून जातील आणि चांदणीचे फेरे पुसट होतील. म्हणून हिरवं आणि जांभळं शेजारी आणू नकोस. हळदी रंग तुझ्याकडं आहे हे तुझं भाग्य, उजेड तोच देणार.

मी पडद्यावर जी मांडणी करून बघितली ती अशी: डाळिंबी, हळदी, जांभळं, डाळिंबी, हळदी, हिरवं, डाळिंबी, हळदी, जांभळं. भरगच्च पाचवा फेरा हळदीचा, बाहेरची टोकं जांभळी, म्हणजे धोतराच्या पांढऱ्यावर ती ठसठशीत उठतात. तुला दुसरी मांडणी आवडेल, आवडू दे. पाच-सहा मांडण्या करून एकाशेजारी एक ठेव आणि मग सासूबाईंना बोलाव. त्यांना "कशी झाली" असं विचारू नकोस, "यातली कोणती घ्यावी" असं विचार. रंगाचं त्यांना कळतं. टीव्हीत बघून वाकळ शिवत नाहीत म्हणणारी बाई त्या डब्यासमोर तासभर बसेल.

आता कापडाचा हिशेब. लहान शंकरपाळ्या सुट्या कापायच्या नाहीत. पडद्यावर जी दोन इंच दिसते, तिला दोन्ही बाजूंनी शिवणीसाठी पाव-पाव इंच माया धर, म्हणजे अडीच इंचांची पट्टी. हे विसरलीस तर सगळं संपलं, पडद्यावर माया दिसत नाही. अशा पाच पट्ट्या रंगांच्या क्रमानं जोडायच्या, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीहून दोन इंच सरकवून, पायऱ्यांसारख्या. मग त्या जोडलेल्या पट्ट्यातून ४५ अंशांच्या तिरक्या चिरा कापायच्या, त्याही अडीच इंच रुंदीच्या. एका चिरेत पाच शंकरपाळ्या शिवलेल्याच मिळतात. किरणात अशा पाच ओळी, म्हणजे पाच पट्टे लागतात. पहिल्या पट्ट्यात फेरे एक ते पाच, दुसऱ्यात दोन ते सहा, असं पाचव्यात पाच ते नऊ. एकूण पंचवीस पट्ट्या. प्रत्येक पट्टी बत्तीस इंच लांब असली तरी त्यातून आठ चिरा निघतात, म्हणजे लुगड्याच्या पन्ह्यातून दोन्ही काठ सोडूनही भागतं.

माझ्या मांडणीत हळदीच्या नऊ पट्ट्या लागतात. नऊ गुणिले अडीच, साडेबावीस इंच. हाच तो सव्वा हात. डाळिंबीच्या आठ, म्हणजे वीस इंच. जांभळ्या आणि हिरव्याच्या चार-चार, दहा-दहा इंच. तुझ्या मांडणीनं आकडे बदलतील, एक्सेलमध्ये दोन रकान्यांत ते मांडून ठेव, एमएस-सीआयटीत शिकवलेली बेरीज आहे. धोतरातून चार कोपऱ्यांना चार चौकोन, प्रत्येकी पावणेपंधराहून एक सूत कमी. आणि कडेच्या चार त्रिकोणांसाठी एकच सव्वाएकवीस इंचांचा चौकोन, दोन्ही कर्णांवर कापून. अशा कापणीनं त्रिकोणाची लांब बाजू सरळ धाग्यावर येते, ती वाकळेच्या बाहेरच्या अंगाला ठेवायची, म्हणजे कड ताणत नाही. सव्वा वार धोतरात हे सगळं आरामात बसतं.

तिरकी चीर नेमक्या ४५ ला कापायला साचा हवा, तो छापून घ्यावा लागेल. इथं मी स्वतः फसले आहे, म्हणून नीट ऐक. माझ्या पहिल्या मोठ्या चांदणीचा साचा मी एका झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतला. छापताना माप पानात बसवण्यासाठी आपोआप चार टक्के लहान झालं. ते ना त्या मुलाच्या लक्षात आलं, ना माझ्या. एका शंकरपाळीत फरक सुतापेक्षाही कमी, दिसलाच नाही. कोन बरोबर होता, म्हणून चांदणीही सुरेख सपाट बसली. मग कोपऱ्याचे चौकोन लावायला घेतले. ते मी टेपनं मोजून कापलेले, पूर्ण मापाचे. किरणाची बाजू चौकोनापेक्षा जवळपास पाऊण इंच आखूड निघाली. पाच शंकरपाळ्यांतला थोडा थोडा फरक एका ठिकाणी गोळा झाला होता. चार चौकोन नव्यानं कापले. माझं कापड बाजारातलं होतं, भागलं. तुझं आईचं आहे. साच्याच्या पानावर एका कोपऱ्यात एक इंचाचा चौकोन काढून ठेव, छापताना ‘फिट’ काढून शंभर टक्के करायला सांग, आणि दुकानातच पट्टी लावून तो चौकोन मोज. मग पैसे दे. छापलेला साचा जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर चिकटवून काप. पुठ्ठ्याच्या कडा दहा-बारा वेळा खडू फिरवला की झिजतात, फिल्मच्या झिजत नाहीत.

लुगडी कापण्याआधी प्रत्येक भाग उजेडाला धरून बघ. जिथं आरपार दिसतं ते कापड विरलेलं, ते चांदणीत घेऊ नकोस. अंगठ्यांनी हलकंच ताणून बघ, करकरलं तर सोड. निवडलेल्या तुकड्याला भाताच्या पेजेची खळ दे आणि थोडं दमट असताना इस्त्री कर. तिरक्या चिरेच्या कडा उरेब, म्हणजे धाग्याला तिरप्या असतात, नुसत्या हातात धरल्या तरी लांबतात. खळीनं कापड कागदासारखं होतं आणि जागेवर राहतं. इस्त्रीही फिरवायची नाही, उचलून ठेवायची, पुन्हा उचलायची.

शिवताना पाव इंच म्हणजे पाव इंचच. शिवण अर्धं सूत जास्त गेली तर दोन्ही बाजूंचं मिळून एक सूत जातं. पाच पट्ट्यांच्या चार शिवणी, म्हणजे किरण अर्धा इंच बारीक. मशीनच्या पाट्यावर सुईपासून पाव इंचावर चिकटपट्टी लाव आणि कापडाची कड तिला घासत जाऊ दे.

किरण आठही एकाच दिशेनं फिरवून जोड, जसे क्लोन फिरवलेस तसे. किरणाची एक बाजू सरळ धाग्याची असते आणि एक उरेब. एकाच दिशेनं फिरवलं की प्रत्येक सांध्यात एकाची सरळ बाजू दुसऱ्याच्या उरेब बाजूला मिळते आणि तिला धरून ठेवते. दोन किरण जोडलेस की थांब. शाळेचा गुण्या आण आणि मधल्या टोकाशी लाव. दोन किरणांचा बरोबर काटकोन व्हायला हवा. असे चार जोडकाटकोन झाले की दोन-दोन मिळून अर्धी चांदणी, तिची मधली कड पट्टीसारखी सरळ. चूक असली तर ती इथं दिसते, दोन शिवणी उसवून सुधारते. तू आठही जोडून मग बघितलंस, तेव्हा उशीर झालेला होता. कोपऱ्याचे चौकोन आणि त्रिकोण बसवताना शिवण कडेच्या पाव इंच अलीकडे थांबव, तिथं खडूचा ठिपका दे, नाहीतर आतल्या कोनात सुरकुती येते. मधोमध आठ टोकांच्या माया एकावर एक येतात. त्या सगळ्या एकाच दिशेला, फिरकीसारख्या मोड, नाहीतर तिथं खड्यासारखी गाठ होते आणि धावदोऱ्याची सुई अडते.

धावदोरा सासूबाईंना घालू दे. तुझ्या-माझ्या टाक्याला ते वळण नाही. फक्त एक गोष्ट त्यांना हात धरून सांग. आपल्या वाकळेचा धावदोरा काठापासून सुरू होतो आणि फेरे घेत आत येतो. या वाकळेला तसं करायचं नाही. चांदणीचं कापड तिरकं आहे, काठाकडून आत आलं की सगळा सैलपणा मध्ये गोळा होईल आणि पुन्हा टोपी उठेल. आधी मधल्या टोकापासून आठ दिशांना मोठे कच्चे टाके घालून थर बांधून घ्या, मग धावदोराही मधूनच सुरू करा आणि चांदणीच्या फेऱ्यांबरोबर बाहेर जा. चौकटीचे फेरे शेवटी येतील. त्या ऐकतील. कच्चे टाके त्यांच्या सवयीचेच आहेत.

लुगडी कापण्याआधी एक किरण घरातल्या फडक्याचा शिवून बघ. अर्ध्या दिवसाचं काम आहे. माया सोडून त्याची बाजू चौदा इंच आणि एक सुताच्या आसपास, म्हणजे १४.१४ इंच, आली, तर तुझी पट्टी, तुझी मशीन आणि तुझा पडदा एकाच मापावर आहेत.

आणि आता ती साडेतीन हातांची गोष्ट. प्रत्येक लुगड्याचा कोणता भाग कापायचा, हे तुझ्या हातात आहे, कारण लागतं फार थोडं. पदराच्या उलट टोकाकडून काप. उरलेलं लुगडं अखंड घडी करून आतल्या थरात जाईल, आपल्या वाकळेत जातं तसं. मागच्या बाजूला कोणतं लावायचं ते विचारलं नाहीस, पण मी सांगते. इरकलचं लाव आणि त्याचा पदर कापू नकोस, दुमडून आतही घालू नकोस. तो वाकळेच्या डोक्याकडच्या बाजूला येऊ दे, लेकीच्या गालाशी.

– तुझी मावशी